त्यांचं गाणं, आपला तास

सुरुवात माझ्या फजितीनेच करतो. इंग्रजी शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मुलांना गोडी लागावी म्हणून एक दिवस वर्गात इंग्रजी गाणं लावलं आणि रिकाम्या जागांचा कागद वाटला. गाणं वाजलं, जागा भरल्या, उत्तरं तपासून झाली. मागच्या बाकावरून कुजबूज ऐकू आली, "सरांच्या आजोबांचं गाणं असणार." गाणं माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं होतं हो!

राग आला, पण पोरगं बरोबर होतं. आवड माझी होती आणि कागद म्हणजे सरळसरळ चाचणी होती. फक्त मागे गिटार वाजत होती, एवढंच.

मार्कांसाठी भाषा शिकणं वेगळं आणि ती बोलणाऱ्यांच्यात आपणही असावं असं वाटणं वेगळं, हा फरक गार्डनर आणि लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात १९५९ मध्येच मांडला होता. पण तिथे फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना फ्रेंच बोलणारे शेजारीच होते. इंग्रजीचं तसं नाही. शिकणाऱ्याच्या आसपास इंग्रजी बोलणारं कुणी नसतंच बऱ्याचदा. मग त्याने मिसळायचं कुणात? माझ्या मते ती जागा आज मालिका, गाणी आणि गेम्स भरून काढतात.

बीटीएस या कोरियन बँडचा आरएम घ्या. आईने 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या, त्यावर इंग्रजी शिकलो, असं त्याने २०१७ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात सांगितलं. आधी कोरियन सबटायटल्स लावून पाहिलं, मग इंग्रजी लावून, मग सबटायटल्स बंद करून. पाठ्यपुस्तकातला धडा आपणहून तीनदा वाचणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. विनोद कळायला हवा ही ओढच त्याला पुन्हा पुन्हा बसवते.

पण म्हणून उद्या वर्गात अख्खा सिनेमा लावू नका. वेब आणि रॉजर्स या भाषा-संशोधकांनी २००९ मध्ये ३१८ चित्रपटांचे संवाद तपासले. त्यातले सुमारे ९५ टक्के शब्द कळायला विशेषनामं कळतात असं धरलं तरी सर्वांत जास्त वापरातली ३,००० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं, म्हणजे एक कुळ) यावी लागतात. एवढं करूनही वीस शब्दांत एक अडतोच. नवशिक्याला दोन तास बसवलं तर तो चित्रं बघतो, भाषा नाही.

मी चाळीस सेकंदांचा तुकडा घेतो. आधी आवाज बंद. ही दोघं काय बोलत असतील, यावर पैजा लागतात. मग आवाज. पडद्यावरची बाई म्हणते, "व्हॉच्या गॉना डू?" वर्ग गोंधळतो. तीन-चारदा ऐकवून मग सबटायटल दाखवलं, की त्यात निघतं "व्हॉट आर यू गोइंग टु डू". "म्हणजे हे भरभर बोलत नाहीत सर, शब्द गिळतात!" हे एका मुलीने शोधून काढलं. मी तासभर समजावलं असतं तरी इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

गाण्यातलं व्याकरण बिघडलेलं असतं, ही तक्रार नेहमीची. असतंच. 'शी डझन्ट'च्या जागी 'शी डोन्ट' येतं, 'इझन्ट'च्या जागी 'ऐंट' तर जागोजागी. पण मुलं स्वतःहून विचारतात, "चूक कुणाची?" हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला कधी आला होता? गाण्यात चालतं, अर्जात चालत नाही, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आता मी माझी गाणी आणत नाही, आणायला त्यांना सांगतो. त्यांच्या आवडीतलं मला फारसं काही कळत नाही, आणि ते फायद्याचं ठरतं. वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलाला म्हटलं, तुझी ती गेम मला शिकव, फक्त इंग्रजीतून. तो दहा मिनिटं बोलला. काळ चुकले, क्रियापदं चुकली, मी लाल पेन खिशातच ठेवलं. "नॉट दॅट डोअर, सर. एव्हरीबडी डाय देअर." शेवटी विचारतो, "अंडरस्टूड?" मला खरंच कळलं नव्हतं. "अगेन, प्लीज," म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या खेपेला माझ्यासाठी सोप्या इंग्रजीत.