विहिरीतला नेचा

नमस्कार, श्रोतेहो. गावाकडच्या जुन्या विहिरीत कधी वाकून पाहिलंय? चुन्यात बांधलेल्या दगडांच्या फटीत मूठभर माती नसते, तरी तिथून हिरवी पानं लोंबत असतात. मधे दांडा, दोन्ही अंगांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या लांबट पात्या. पाती उलटी केली की कडेनं तपकिरी रेघ दिसते, ती बीजाणूंची. हा नेचा, शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. याला फूल नाही की फळ नाही, म्हणून याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र संशोधक लेना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवायचं काम जिथं चालायचं, ती जागा ओसाड पडली होती. आर्सेनिक, म्हणजे आपला जुन्या गोष्टींतला सोमल! त्या विषारी मातीत हा नेचा मजेत वाढत होता. 2001 साली त्यांनी जाहीर केलेल्या प्रयोगात याच्या वाळलेल्या पानांत 2.3 टक्क्यांपर्यंत आर्सेनिक भरलं. किलोभर पाल्यात 23 ग्रॅम!

मुळं विष मागत नाहीत, ती फसतात. मातीतलं आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचंच एक रूप, दिसायला थेट स्फुरदासारखं. पिकाला आपण डीएपीतून स्फुरद देतो ना, त्याच्याच दारानं हेही आत शिरतं. साधं झाड गंधकयुक्त रेणूंनी त्याला जखडतं आणि बहुतेक मुळातच डांबून ठेवतं. नेचा उलटा वागतो. तो ते दांड्यातून वर पाठवतो आणि पानातल्या पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे त्यांच्या अडगळीच्या खोल्यांत, कोंडतो. फायदा असा, की नाकतोडे असलं पान टाळतात.

तुमच्या विहिरीतला नेचा लगेच उपटू नका हं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माती स्वच्छ असेल तर पानात विष यायचं कुठून!

दूषित जमिनीवर हा लावून पानं कापत राहिलं, तर आर्सेनिक हळूहळू कमी होतं. कामाला वर्षं लागतात, आणि मुळं पोचतात तेवढ्याच थराचं. पण माझ्या मते खरी डोकेदुखी पुढेच आहे. कापलेला पाला गोठ्यात टाकता येत नाही, उकिरड्यावरही नाही. आणि शेकोटीत घातला, तर धुराबरोबर सोमल उठतो.