आडोशाची चामखीळ

श्रोतेहो, नमस्कार. हातावर चामखीळ आली तर आपण ती चारचौघांत दाखवतो. तीच गुप्तांगावर आली, की माणूस दाराला कडी लावून आरशापुढे उभा राहतो आणि महिनोन्महिने गप्प बसतो. सुरुवातीला मोहरीएवढा, त्वचेच्याच रंगाचा उंचवटा. मग शेजारी दुसरा, तिसरा, आणि हळूहळू फुलकोबीसारखा झुबका. दुखत सहसा नाही, म्हणूनच दुखणं अंगावर काढलं जातं.

कारण एचपीव्ही हा विषाणू. त्याच्या प्रकारांना क्रमांक आहेत. या चामखिळी बहुतेक वेळा ६ आणि ११ क्रमांकांमुळे येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. तेव्हा चामखीळ दिसली की कॅन्सर झाला, असं नाही. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र चुकवू नये.

तपासणीच्या खोलीत हमखास येणारा प्रश्न असतो, "डॉक्टर, हे कुणाकडून आलं?" खरं सांगायचं तर ते कळत नाही. विषाणू शरीरसंबंधात त्वचेला त्वचा लागून येतो, पण चामखीळ उगवायला काही आठवडे, कधी महिने, क्वचित वर्षंही जातात. त्यामुळे आज दिसलेल्या चामखिळीवरून जोडीदाराच्या वागण्याचा निवाडा करू नका. कंडोमने धोका कमी होतो, पण त्याने न झाकलेली त्वचा उघडीच राहते.

उपचार बरेच आहेत. इमिक्विमॉडचं मलम घरी, आठवड्यातून तीनदा रात्री लावायचं आणि सकाळी धुवायचं. दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात, विजेच्या उपकरणाने जाळतात किंवा कापून काढतात. गरोदर असाल तर आधी सांगा, कारण काही औषधं तेव्हा चालत नाहीत. आणि हातापायाच्या चामखिळीचं औषध इथे लावू नका, नाजूक त्वचा भाजून निघते. ब्लेडचं तर नावच नको.

उपचाराने चामखीळ जाते, विषाणू लगेच जाईलच असं नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा उगवू शकते. तेव्हा डॉक्टर बदलत फिरू नका, त्याच डॉक्टरांकडे परत जा. ६ आणि ११ पासून वाचवणारी लस आहे, पण ती संबंध सुरू होण्याआधी घेतलेली उत्तम. आलेली चामखीळ तिने जात नाही.

आणि हो, पुरुषांच्या शिश्नमुंडाच्या कडेला ओळीने बारीक, एकसारखे दाणे असतात, ते पुष्कळदा नैसर्गिकच असतात. त्यांना औषध लावून आग करून घेतलेले लोकही दवाखान्यात येतात!