मे महिन्यातला कूलर जुलैत का हरतो?

(खान्देशातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण, संपादित स्वरूपात)

नमस्कार मंडळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला की सगळ्या गप्पा त्या एका आकड्याभोवती फिरतात. आज भुसावळ किती, जळगाव किती, धुळ्याला जरा कमी का. पण माणसाला, कापसाला आणि केळीला हवा कशी लागते हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी हवेत पाण्याची वाफ किती आहे, हेही विचारावं लागतं.

मे महिन्यातली दुपार घ्या. ४५ अंश तापमान, आर्द्रता १५ टक्के. आता पावसाळ्यात उघडीप पडल्यावरची दुपार घ्या. ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. पहिल्या हवेत किलोमागे जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते, दुसऱ्या हवेत २१ ग्रॅमच्या वर. मे महिन्यात अंगावरचा ओला पंचा बघता बघता वाळतो आणि श्रावणात दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले राहतात, ते यामुळे.

आता या दोन्ही दिवशी आपला डेझर्ट कूलर लावू. गवत किंवा हनीकोंबच्या ओल्या पॅडमधून हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे दोन तृतीयांश युनिट. ही उष्णता पाणी हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. रांजणातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने. मात्र ती उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत लपून बसते. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. हवा गार झाली आणि ओली झाली, एवढाच व्यवहार झालेला असतो.

कूलर हवा किती गार करू शकेल याला एक मर्यादा असते, आणि ती घरी मोजता येते. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्हींवर पंख्याचा वारा सोडा. ओल्या तापमापकाचा पारा खाली येत येत जिथे थांबतो, त्याच्या खाली कुठलाही कूलर जात नाही. मे महिन्याच्या आपल्या दुपारी तो साधारण २३ ला थांबतो. कोरडा ४५, ओला २३, मध्ये २२ अंशांची दरी. चांगला पॅड त्या दरीचा ८० टक्के भाग उतरतो, म्हणजे कूलरमधून २७-२८ अंशांची हवा येते. त्या पावसाळी दुपारी मात्र ओला तापमापक २७ ला थांबतो. दरी उरली फक्त ३ अंशांची. तिथेही कूलर आपलं काम चोख करतो आणि पुन्हा २७-२८ अंशांचीच हवा देतो.

इथे जरा थांबून बघा. दोन्ही वेळा कूलरमधून निघालेल्या हवेचं तापमान तेवढंच आहे. मे महिन्यात त्या हवेत आपण सुखाने झोपतो आणि जुलैत गदमदून उठून बसतो. मे महिन्यात ती हवा ७० टक्क्यांच्या आसपास भरलेली होती, तिला घाम टिपायला जागा होती. जुलैत ती ९५ टक्क्यांच्या पुढे भरलेली आहे, तिला जागाच नाही. आपल्याकडे लोक विचारतात, ‘भाऊ, कूलर चालू शे, तरी घाम काब येस?’ घाम येतच असतो, मे महिन्यातही येतो. तो वाळेनासा झाला की जाणवतो.

म्हणून मला रोहिणी सरता सरताचे आणि मृगाच्या तोंडावरचे दिवस मेच्या भर उन्हाळ्याइतकेच काळजीचे वाटतात. ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली तर ओला तापमापक २८ च्या पुढे जातो. लोक म्हणतात, पारा उतरला, आता बरं आहे. शरीराच्या दृष्टीने त्या दिवशीची हवा ४५ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा जड असू शकते. ओला तापमापक ३५ ला पोहोचला तर सावलीत बसलेल्या धडधाकट माणसालाही शरीरातली उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि त्रास तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एवढं कराच: कूलर लावला असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत जुलै महिना तयार होतो.

आता एसीकडे येऊ. यंत्राने हवा थंड करण्याची आजची पद्धत माणसाच्या सुखासाठी सुरू झालेली नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, मग आक्रसायचा, आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं जादा पाणी काढायची योजना आखली. म्हणजे मूळ काम आर्द्रता काबूत ठेवण्याचं होतं. आपण आज दुकानात जाऊन फक्त टन, म्हणजे गार करण्याची ताकद, विचारतो.

एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणाऱ्या त्या थंड नळ्या, साधारण १० ते १२ अंशांवर असते. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेचा दवबिंदूही, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडाही, १२ च्या आसपास असतो, म्हणून तेव्हा ड्रेन पाइपमधून पाणी फारसं येत नाही. पाणी येत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करू नका, यंत्र ठीक आहे. पावसाळ्यात तोच दवबिंदू २६ पर्यंत चढतो आणि कॉइलवरून पाणी धो-धो निथळतं. त्या पाइपखाली बादली लावून एक तास मोजा. समजा, दोन लिटर पाणी जमलं. त्याचा अर्थ दीड टनाच्या यंत्राची जवळपास पाव ताकद हवा वाळवण्यात गेली आणि गार करायला पाऊणच उरली.

खरी चूक खरेदीच्या वेळी होते. आपण मे महिन्यातल्या गच्चीखालच्या खोलीकडे बघून मोठं यंत्र घेतो. पावसाळ्यात बाहेर २८ अंश असताना ते यंत्र दहा मिनिटांत खोली २४ वर आणतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. तेवढ्यात पाणी काही निघत नाही. वरून पंखा चालूच राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. खोली गार पण चिकट होते. मग माणूस रिमोट १८ वर नेतो, पांघरूण घेतो, आणि कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. इन्व्हर्टर यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं, संथ चालतं हे खरं, पण संथ चालताना त्याची कॉइल पुरेशी थंड राहीलच असं नाही. अशा दिवसांत ड्राय मोड लावा, पंखा कमी वेगावर ठेवा, खिडक्या बंद करा. त्याच खोलीत कूलर तर अजिबात नको. कूलरने भरलेलं पाणी एसी वीज खाऊन बाहेर काढत बसतो.

आणि यंत्र निवडण्याआधी छताकडे बघा. आपली जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड थरामुळे दुपारची धग आत यायला संध्याकाळ करायची. सिमेंटचा स्लॅब तेवढा दम धरत नाही. गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली केली, तर लहान यंत्र पुरतं. लहान यंत्र जास्त वेळ चालतं, म्हणून पावसाळ्यात हवाही नीट वाळवतं.

रावेर, यावल, चोपड्याची मंडळी समोर बसली आहेत, म्हणून शेवटी केळीबद्दल. तिथे गणित उलटं होतं. माणसाच्या खोलीतून पाणी काढायचं असतं, केळीच्या खोलीत ते टिकवायचं असतं. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोलीत, तापमान १६ ते १८ अंश आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के लागते. कच्चा माल १३ अंशांच्या खाली गेला की सालीला धुरकट काळपटपणा येतो आणि तो मग कितीही पिकवला तरी जात नाही. शिवाय पिकणारी केळी स्वतः श्वास घेते, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. फळ पिकवणारा इथिलीन वायू दिल्यावर पहिल्या दिवसानंतर हवा बदलावी लागते आणि त्याच वेळी यंत्रावरचा भारही वाढतो.

काही जण खर्च वाचवायला चेंबरमध्ये घरगुती स्प्लिट एसी बसवतात. त्याची लहान, फार थंड कॉइल खोलीतलं पाणी ओढून ड्रेनमधून बाहेर सोडते. ते पाणी केळीच्या सालीतून आलेलं असतं. वजन घटतं, साल सुरकुतते, आणि हे नुकसान काट्यावर दिसेपर्यंत माल गाडीत चढलेला असतो. चेंबरच्या यंत्राची कॉइल मुद्दाम मोठी ठेवतात, म्हणजे ती खोलीपेक्षा थोडीशीच थंड राहूनही सगळी उष्णता उचलू शकते आणि तिच्यावर पाणी कमी धरतं. तेव्हा कोटेशन हातात आलं की टनाचा आकडा वाचून सही करू नका. कॉइलचं क्षेत्रफळ किती, चेंबर भरलेलं असताना कॉइल आणि खोलीच्या तापमानात फरक किती राहील, आणि आर्द्रता कमी पडली तर हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर कोणता, या तीन गोष्टी लेखी मागा.