हँगर गेला, खुलताबादच्या अलीकडे

व्हिडिओत हे हातात धरलंय ते नीट बघा. बोटाच्या दोन पेरांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, मधोमध तुटलेला. ह्याला हँगर म्हणतात. सायकलच्या मागच्या चाकाच्या आसापाशी फ्रेमला छोट्या बोल्टने बसवलेला असतो आणि गेअर बदलणारा तो लोंबता पार्ट, रिअर डिरेलर, तो ह्याच्यावरच टांगलेला असतो. आमची चार दिवसांची सायकल ट्रिप होती, वेरूळ, कन्नड, पितळखोऱ्याची लेणी आणि मग सिल्लोडवरून अजिंठा. पहिल्या दिवशी वीस किलोमीटर पण झाले नव्हते आणि हा गेला.

आता थोडं मागे जाऊ. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलो, सायकल खाली डिकीत. सायकलचे तीनशे वेगळे घेतले आणि ठेवणाऱ्याने ती आडवी टाकली ती नेमकी डिरेलरच्या बाजूवर, वर टोमॅटोचे रिकामे कॅरेट रचले. मी बघत होतो. बोललो नाही, कारण रात्रीचे साडेदहा वाजलेले आणि त्या माणसाशी भांडायची ताकद नव्हती. सायकल आडवी टाकावीच लागली तर चेनची बाजू वर ठेवायची, हे मला माहीत होतं, माहीत असून गप्प बसलो ही त्यातली खरी गंमत.

सकाळी संभाजीनगरला बाबा पेट्रोल पंपापाशी उतरलो तर दादा आधीच येऊन थांबलेला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, आणि ही त्याची सायकल, काकांच्या वेळची काळी ॲटलास. मागे कॅरिअर, त्यावर ट्यूबने बांधलेली घोंगडी आणि डबा. मी हसलो. म्हणलं दादा, ह्याच्यावर अजिंठा? तो म्हणला, "तुझी चोवीस गेअरची पुढं जाऊ दे, मी येतो मागून निवांत."

छावणी, नगरनाका, पडेगाव, मिटमिटा. इथे ऐका, आवाज येतोय बघा, टक, टक, टक. चेन एका दात्यावर नीट बसत नाहीये. तेव्हाच उतरून मागून बघायला पाहिजे होतं. डिरेलरची दोन छोटी चाकं मागच्या चाकाला समांतर, एका रेषेत दिसली पाहिजेत, तिरकी दिसली की समजायचं हँगर वाकलाय. दोन मिनिटांचं काम. पण सकाळची हवा, नोव्हेंबर, डावीकडे डोंगर दिसायला लागलेले, दौलताबादच्या अलीकडे सीताफळवाल्या बायका टोपल्या मांडून बसलेल्या, कोण थांबतंय. केबल थोडी ताणली असेल म्हणून सोडून दिलं.

दौलताबादला चहा घेतला. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली होती, लोकांना एवढं लांब चालत यायला लावलं आणि काही वर्षांनी परत चला दिल्लीला. शाळेच्या सहलीत हे ऐकून आम्ही खूप हसायचो. त्या दिवशी मात्र त्या लोकांची आठवण दोन तासांत पुन्हा येणार होती.

किल्ल्याच्या जुन्या तटबंदीतल्या कमानीतून रस्ता जातो, एका वेळी एकच गाडी, आणि मग घाट लागतो. मोठा नाही, पण चढ चांगला आहे. मी रुबाबात सगळ्यात हलका गेअर टाकला. इथे कॅमेरा हललाय, कारण मी पडलो.

झालं काय ते सांगतो. हँगर आत, चाकाकडे वाकलेला होता, म्हणजे डिरेलर पण आत झुकलेला. सपाटीवर चेन मधल्या नाहीतर छोट्या चकतीवर असते म्हणून नुसती टकटक होते. चढावर आपण सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन चढवतो, तेव्हा डिरेलर चाकाच्या एकदम जवळ जातो, तारांत अडकतो आणि फिरतं चाक त्याला धरून वर ओढतं. कडाडकन आवाज आला, मागचं चाक जाम. हँगर तुटला, एक तार तुटली, दोन वाकल्या, डिरेलर केबलला लोंबकळतोय.

आणि हा हँगर मुद्दामच नरम ठेवलेला असतो बरं का. आदळआपट झाली तर फ्रेम तुटण्यापेक्षा हा तुटावा, घरातल्या फ्यूजसारखा. डोकं चांगलं लावलंय, फक्त प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, बोल्टची जागा वेगळी, आकार वेगळा, एकाच कंपनीच्या दोन सायकलींचा पण एकमेकींना बसेल असं नाही. काही शे रुपयांची वस्तू. पुण्यात घरी ड्रॉवरमध्ये एक एक्स्ट्रा होता माझा. ड्रॉवरमध्ये.

पंक्चरची तयारी मात्र जोरदार होती, सराटे आणि बाभळीचे काटे माहीत आहेत म्हणून तीन ट्यूब, सोल्युशन, ठिगळं, पंप. पंक्चर एकही झालं नाही.

मग ढकलत खुलताबाद. दादा पण उतरून चालला सोबत, एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. गावात पहिल्या दुकानवाल्याने नुसतं बघून मान हलवली, "हे गेअरचं आपल्याकडं नाही." दुसरं दुकान बंद, चाचा सामान आणायला शहरात गेलेत, दुपारनंतर येतील. म्हणून मग भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, झोपलेला मारुती, सोमवार असल्याने गर्दी नव्हती. त्याच्याकडे बघून मला पण आडवं व्हावंसं वाटलं.

चाचा आले साडेतीनला. त्यांनी सायकल उलटी केली, पेडल फिरवलं, हँगरचा तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ये नै मिलता इधर. वेरूळला जायचं ना? उतारच आहे, चेन नसली तरी पोचाल." खरंच आहे ते, खुलताबाद वर पठारावर आणि वेरूळ खाली. मी म्हणलं चाचा, पण उद्या पुढं कन्नड आहे, तीसेक किलोमीटर. ते हसले. "मग एक गेअरची करून देतो. आमच्या वेळेला एकच होता."

हा भाग मी पूर्ण शूट केलाय, कारण असं काम मी आधी पाहिलं नव्हतं. माझा चेन ब्रेकर, म्हणजे चेनची पिन काढायचं हत्यार, पुढे केला तर नक्को म्हणाले. चेन एका मोठ्या नटवर ठेवली, पिनखाली नटचं भोक येईल अशी, वर टोक घासलेला खिळा धरला आणि हातोडीचे तीन ठोके. पिन पूर्ण बाहेर काढली नाही, बाहेरच्या पट्टीत अगदी काठावर अडकून राहील एवढीच सरकवली. पूर्ण निघाली तर परत बसवता बसवता जीव जातो. मग डिरेलर बाजूला, चेन सरळ पुढच्या मधल्या चकतीवरून मागच्या मधल्या चकतीवर, किती कडी कमी करायची ते बोटाने मोजलं.

आता खरी अडचण. दादाच्या ॲटलासला मागच्या चाकाची खाच आडवी असते, चेन सैल झाली की नट सोडा, चाक मागे ओढा, परत आवळा. माझ्या सायकलची खाच उभी, चाक मागे सरकतच नाही. आणि चेन कापायची तर जोडीने, एक आतली कडी एक बाहेरची, म्हणजे सरळ एक इंच कमी होते. त्यामुळे एका चकतीवर तंग, पुढच्या कडीला लोंबते. चाचांनी तीन वेळा पिन काढली आणि घातली, मागची चकती बदलून पाहिली, शेवटी एकीवर जमलं, किंचित सैल, पण चालेल. त्यांच्या डब्यातली जास्तीची कडी वापरता आली नाही, अंतर अर्धाच इंच दोन्हींचं, पण जुन्या चेनची रुंदी जास्त, ती माझ्या चकत्यांच्या मधे मावत नाही.

तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, वाकलेल्या दोन पकडीने सरळ केल्या, चाक फिरवून अंगठा फ्रेमला टेकवून आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढलं. डिरेलर कॅरीबॅगमध्ये, गेअरची केबल गोल करून हँडलला बांधली. किती झाले विचारलं तर साठ. मी दोनशे काढले तर चाचांनी शंभर घेतले आणि सीटवर थाप मारली, "खडा होके जोर मत देना, चेन उतरेगी."

वेरूळला पोचलो तेव्हा सूर्य टेकत होता, तिकीट खिडकी बंद झालेली. म्हणलं ठीक आहे, सकाळी कैलास. तेव्हा दादा अख्ख्या दिवसात पहिल्यांदा पोट धरून हसला. उद्या मंगळवार. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याच्या सोमवारी, ते मी लक्षात ठेवून प्लॅन केला होता, आणि हे विसरलो होतो, कारण प्लॅनप्रमाणे मंगळवारी आम्ही इथे नसणारच होतो.

मग मंगळवारी सकाळी घृष्णेश्वर केलं, बाहेर पोहे खाल्ले, आणि निघालो कन्नडला. कैलास राहिला. पुण्यात रूममेटला हँगर कुरिअर करायला सांगितलं होतं, तो मिळाला शुक्रवारी, मी परत पुण्यात पोचल्यावर, म्हणजे कुरिअर इकडे आलं आणि मी तिकडे गेलो.

कन्नडच्या रस्त्याला हे चढउतार आहेत, दिसायला साधे, पाय मोडणारे. चेन दोनदा उतरली, दोन्ही वेळेला मी उभा राहून जोर दिला म्हणून. चढ आला की उतरायचं, चालायचं. दादा पण उतरतो, त्याच्याकडे पण एकच गेअर. फक्त सवय जात नाही हो, चढ दिसला की माझा अंगठा आपोआप लिव्हरवर जातो, केबल नाही काही नाही, तरी टक वाजतं. पुढून दादा मागे न बघता विचारतो,

"कितवा टाकला रे?"