आधी वासरू, मग दूध : म्युरा ते सालेर्स

हे म्युरा. फ्रान्सच्या मध्यभागी काँताल नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथलं छोटंसं गाव. गावामागे काळा कडा दिसतोय ना, उभे खांब रचून ठेवल्यासारखा, तो बेसाल्ट. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल. हा अख्खा काँताल म्हणजे एकच विझलेला ज्वालामुखी आहे, साधारण 70 किलोमीटर व्यासाचा. घरं त्याच काळ्या दगडाची, आणि छपरंही दगडी.

मी एकटीच निघालेय, सालेर्स गावाकडे, तिथलं चीज कसं बनतं ते कॅमेऱ्यात टिपायला. भाड्याची छोटी गाडी आणि डी 680 हा रस्ता. सालेर्सपर्यंत अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर असेल, तासा-सव्वा तासात होतं. मी तीन दिवस घेतले.

दियेन गाव मागे पडलं की झाडं संपतात, नुसतं गवत राहतं आणि रस्ता चढायला लागतो. समोरचा टोकदार डोंगर पुई मारी, 1783 मीटर. त्याच्या खांद्यावरून पा द पेरोल खिंड जाते. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंदच असतो. आपण मे ते ऑक्टोबरमध्ये यायचं, आणि सकाळी लवकर यायचं, कारण तेव्हा खिंडीत गाड्या नसतात आणि फक्त हे ऐकू येतं.

इथे मी बोलत नाही. घंटा ऐका.

या सालेर्स गाई. तांबूस काळपट रंग, कुरळे केस, वर वळलेली लांब शिंगं. आता खालचा माणूस बघा, तो वासरू सोडतोय. या जातीची गाय वासरू जवळ नसेल तर दूधच देत नाही, म्हणून आधी वासराला लुचू द्यायचं, गाईने पान्हा सोडला की त्याला तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि मग धार काढायची. वासराच्या पाठीवर चिमूटभर मीठ टाकलंय, ती ते चाटत राहते. माझ्या आजीच्या गोठ्यातही आधी वासरूच सोडायचे आणि पान्हा हाच शब्द होता, त्यामुळे मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही, शेतकऱ्याला मराठी येत नव्हतं आणि मला फ्रेंच यथातथाच, तरी आम्ही दोघं त्या कुंपणापाशी तासभर उभे होतो.

दूध जातं या लाकडी पिंपात. याला जेर्ल म्हणतात, चेस्टनटच्या लाकडाचं. दूध गरम करत नाहीत, गाईच्या अंगाची ऊब असतानाच त्यात रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालतात. बाहेरून विरजण लागत नाही, कारण लाकडाच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा थर असतो, तोच दुधाला लागतो. म्हणूनच जेर्ल साबणाने घासत नाहीत. मध्यंतरी स्वच्छतेच्या नावाखाली लाकूड बंद करायचा विषय निघाला होता, मग संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की हाच थर घातक जंतूंना वाढू देत नाही. लाकूड राहिलं. मला याचा मनापासून आनंद आहे.

पुढे दही फोडायचं, दाबायचं, उलटायचं, परत दाबायचं. मग चुरा करून मीठ लावायचं, फडक्यात बांधून साच्यात भरायचं आणि पुन्हा दाबाखाली ठेवायचं. चीजचं एक गोल चाक तीस ते पन्नास किलोचं, किलोला साधारण दहा लिटर दूध धरा, आणि तळघरात किमान तीन महिने. बनवायचं फक्त 15 एप्रिल ते 15 नोव्हेंबर, म्हणजे गाई गवतावर असतात तेव्हाच. 2022 मध्ये दुष्काळाने कुरणं करपली आणि ऐन उन्हाळ्यात हे चीज बनवणं थांबवावं लागलं. वासरू बांधून धार काढणारी घरंही आता थोडीच उरलीत.

आणि हे सालेर्स गाव, संध्याकाळचं. काळ्या दगडाचा चौक, बुरुजाची घरं. कोपऱ्यावरच्या दुकानात तारेने चाक कापतायत, आतला रंग बघा, पिवळाधमक, तो गवताचा. इथे आलात तर नुसतं सालेर्स मागू नका. ‘ट्रॅडिशन सालेर्स’ लिहिलंय का बघा, त्यातच सगळं दूध या शिंगवाल्या गाईंचं असतं.

हा शेवटचा शॉट सकाळचाच आहे. दावं सुटलंय. कासेत राहिलेलं दूध वासराचं.