नकाशा छापखान्यात पाठवण्याआधी

मंडळी, क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा कितीही देखणा दिसला, तरी सुरुवात कागदापासून करा. ए३ म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल, तर प्रिंट लेआउटचं पान ४२६ बाय ३०३ घ्या, म्हणजे चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा रंगीत कड, मिळतं. कटिंग कोणत्या मापाला करायचं, ते छापखान्याला लेखी कळवा. प्रमाणपट्टी आणि खुणांची सूची कापाच्या रेषेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवा, कारण कटिंगचं पातं दरवेळी नेमकं एकाच जागी बसत नाही.

मग प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत. वेब बेसमॅप (इंटरनेटवरून येणारा तयार पायानकाशा) टाकून सुरुवात केली, की प्रकल्प बहुधा वेब मर्केटर या वेब नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये जातो. पुण्याच्या अक्षांशावर त्यात अंतरं साडेपाच टक्क्यांच्या आसपास फुगतात. तुम्ही खाली १:५०,००० छापता आणि कागदावर असतं साधारण १:४७,४००! पुण्याला यूटीएम या विभागवार प्रोजेक्शनचा ४३ उत्तर विभाग घ्या, नागपूरला ४४.

बेसमॅपची दुसरी खोड लेबलांची. पडद्यावर ९६ डीपीआयला (इंचाला ९६ ठिपके) नीट वाचता येणारी गावांची नावं ३०० डीपीआयला एक्स्पोर्ट केली, की मुंगीएवढी होतात. जास्त तपशील हवा म्हणून सॉफ्टवेअर पुढच्या झूम पातळीच्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी चित्रतुकडे) ओढतं आणि त्यांतली अक्षरं तेवढ्याच पिक्सेलांची असतात. कमाल झूमवर मर्यादा घातली तर नावं मोठी होतात, पण धूसर. माझं मत विचाराल तर छपाईसाठी टाइल्स वापरूच नका. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा व्हेक्टर डेटा (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांची माहिती) घ्या, लेबलं स्वतः लावा आणि श्रेयाची ओळ विसरू नका.

पीडीएफ काढताना मजकूर पाथ म्हणून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकाररेषा म्हणून, पाठवा. देवनागरीत हे फार महत्त्वाचं, कारण मजकूर म्हणून पाठवलेली जोडाक्षरं आणि वेलांट्या पलीकडच्या संगणकावर विस्कटू शकतात. पाथ केल्यावर नावं शोधता येत नाहीत, पण छापील नकाशात शोधायचंय कुणाला? नदीच्या वळणावर वक्र लेबल मात्र टाळा. तिथे प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि ‘इंद्रायणी’ची शिरोरेषा जागोजागी तुटते.

जंगलाचा हिरवा फिका करायला लेयरची अपारदर्शकता कमी केली किंवा हिलशेडला (डोंगरांच्या सावल्यांच्या थराला) मल्टिप्लाय हा रंग मिसळायचा पर्याय लावला, की एक्स्पोर्टमध्ये तो भाग रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, होतो. मग त्यात सापडलेल्या समोच्च रेषांची धार जाते. पारदर्शकता भरणाच्या रंगातच द्या, तो व्हेक्टर राहतो. पीडीएफ चारशे टक्के मोठी करून रेषेची कड पाहिली, की पायऱ्या दिसतात की नाही ते लगेच कळतं.

काळ्या रंगाकडे लक्ष असू द्या. नेहमी निघते ती पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची, असते. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईंत, बदलताना काळी अक्षरं चारही शाईंची होतात, छपाईची प्लेट केसभर सरकली तर सहा पॉइंटच्या नावाला लाल-निळी किनार येते. ‘काळा मजकूर फक्त के शंभर टक्के’ (के म्हणजे काळी शाई) असं प्रेसला सांगा. तपकिरी समोच्च रेषाही दोन-तीन शाईंच्या ठिपक्यांतून बनते. म्हणून ती ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. मग पट्टी घेऊन मोजा: १:५०,००० ला एक किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे. १.९ भरला, तर प्रिंटरने पान आवळलंय.