अण्णांची ॲटलस : अमरावती ते दादर

(दृश्य : सायकलचं दुकान. उलटी ठेवलेली सायकल, चाक फिरतंय.)

चोवीस इंची ॲटलस. कॅरिअरला डाकेची पिशवी बांधून अण्णांनी दर्यापूर तालुक्यातल्या गावोगावी पत्रं आणि मनिऑर्डरी पोहोचवल्या त्या हिच्यावरूनच. अण्णा गेले, तेव्हापासून ती गोठ्यात भिंतीला टेकून उभी होती. आता त्यांच्या थोरल्या मुलाला हिच्यावरूनच मुंबई गाठायची आहे. अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर. गिअर एकही नाही.

मिस्त्रीनं आधी मागचं चाक उतरवलं. ॲक्सल काढला, तर त्यावरचे कोन, म्हणजे छर्रे ज्यांवर फिरतात ते भाग, झिजलेले, ग्रीस वाळून काळं पडलेलं. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, तळहातावर फिरवून पाहिले आणि सगळेच बाजूला टाकून नवे भरले. क्रँकची कॉटर पिन अशी गंजून बसली होती, की ती ठोकून काढण्यात अख्खी सकाळ गेली. मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. एक स्पोक कसायचा, चाक फिरवायचं, रिम कुठं घासते ते बघायचं, की पुढचा स्पोक. चेन नवी, फ्रीव्हील नवं. दांडीचे ब्रेक तेच राहिले, रबरं तेवढी बदलली. सीटही अण्णांचीच. मजुरी मिस्त्रीनं घेतली नाही.

(दृश्य : पानठेला. पन्नीवर घोटणारे हात.)

हा खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून असा घोटतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, पण विदर्भातल्या चौकाचौकांत खर्रा आजही उघड्यावर घोटला जातो. अण्णांच्या खिशात पुडी असायचीच. गालात फोड आला, तो भरेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायला सांगितलं.

परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून कॅन्सरवर उपचार करतं आहे. अण्णांचं तिथं ऑपरेशन झालं. त्यानंतर रेडिएशन. आणि खेड्यातलं घर इथं अडतं. मशीनखाली पेशंट असतो काही मिनिटं, पण ती काही मिनिटं सोमवार ते शुक्रवार रोज हवीत, सहा-सात आठवडे. दर्यापूरचा माणूस रोज ये-जा करणार कसा? मुंबईत खोली घ्यायची, तर डिपॉझिटमध्येच शेत निघेल. उपचार स्वस्तात मिळाले तरी रात्री अंग टेकायला जागा लागते. ती नसली, तर लोक उपचार अर्धवट सोडून गावी परततात.

अण्णांना जागा मिळाली. दादरला, गाडगे महाराजांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत.

(दृश्य : गाडगेनगर, अमरावती. समाधी मंदिर, पहाट.)

20 डिसेंबर. 1956 साली याच दिवशी अमरावतीजवळ वलगावला गाडगे महाराजांनी देह ठेवला. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र घर बांधलं नाही. त्यांच्या समाधीवर डोकं ठेवून थोरला निघाला. सोबत गिअरच्या सायकलींवर त्याचे मित्र, मागे गाडीत पंक्चरचं सामान घेऊन धाकटी बहीण.

बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, खामगाव. मुक्ताईनगर ओलांडलं की रस्त्यालगत केळीच्या बागा. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग लागतो, आणि चांदवडच्या चढावर बिनगिअरच्या सायकलचा कस लागतो. बघा, थोरला सीटवरून उठून पेडल मारतोय. मित्र पुढं जाऊन थांबतात, पण त्याला ढकलायला कोणी येत नाही. तसं त्यानंच बजावलं आहे.

नाशिकचा मुक्काम गोदाकाठच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. सकाळी इगतपुरी, मग कसारा घाट. दांडीच्या ब्रेकवर हा उतार उतरायचा नाही, असं मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं. घाटातल्या वळणांवर थोरला सायकल हातात धरून चालत उतरला. शेजारून कंटेनर जात होते.

(दृश्य : दादर, धर्मशाळा. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

चेहरे आपण दाखवत नाही. हात बघा. तोंडाचं ऑपरेशन झालं की बरेच दिवस नाकातल्या नळीतून जेवण जातं. वरण-भात मिक्सरमधून पातळ करायचा, गाळायचा, सिरिंजमध्ये भरायचा आणि सावकाश सोडायचा. घाई केली तर पेशंटला उलटी होते. अण्णांची सिरिंज धाकटी भरायची. आता ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना गाळणी कशी धरायची ते दाखवते आहे.

(दृश्य : आवाज नाही. भाऊ-बहीण, भिंतीशी ॲटलस.)

राईडसाठी गावातून, डाक खात्यातल्या अण्णांच्या सोबत्यांकडून आणि वाटेवरच्या लोकांकडून जमलेली सगळी रक्कम इथं राहणाऱ्या पेशंटच्या जेवणखाणासाठी दिली.

येत्या 20 डिसेंबरला पुन्हा निघायचं आहे, आणि यंदा धाकटीही सायकलवर असेल. अकोला, जळगाव, धुळे, नाशिक, जमेल तिथून सोबत या आणि झेपेल तितकं अंतर चालवा. हेल्मेट हवंच. आणि इगतपुरी सोडण्याआधी प्रत्येकाचे ब्रेक तपासले जातील.